दोर ओढणाऱ्यांच्या हाती मोगरी

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. ज्यांना पंढरपूरची वारी जमत नाही, ते आसपासच्या गावांतून त्या दिवशी इथे येतात. रथाचा दोर धरायला पोरांची झुंबड उडते. खानदेशातल्या कुठल्याही रथाजवळ थोडा वेळ उभं राहिलं तर दिसतं की दोर शेकडो हात ओढतात. पण रथ कुठे वळणार, कुठे थांबणार आणि उतारावर किती सुटणार, हे चाकाखाली लाकडी मोगरी लावणारी मोजकी माणसं ठरवतात. काम जोखमीचं आहे. चाकाला खेटून, वाकून चालावं लागतं, रस्त्याचा चढउतार पायांना कळावा लागतो आणि जुन्याजाणत्याने शेजारी उभं करून शिकवल्याशिवाय ते येत नाही.

सार्वजनिक कामात आपण तरुणांना आजवर दोरापाशीच ठेवलं. प्रचाराला पोरं हवीत, मोर्चाला हवीत, रक्तदान शिबिराला, पुरात, साथीत हवीत. मात्र शाळेच्या खोल्या आधी की सभामंडप आधी, टँकरवर पैसे घालायचे की विहिरींच्या पुनर्भरणावर, हे ठरायची वेळ आली की त्यांना चहा सांगायला पाठवलं जातं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काही मुलामुलींनी मिळून लिहिलेलं हे पुस्तक मोगरीपाशी जाण्याबद्दल आहे. त्यांनी प्रस्तावना मागितली तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत.

नव्या वाचकाला आधी हे सांगायला हवं की धोरण ही काही फक्त दिल्ली-मुंबईत शिजणारी गोष्ट नाही. पिंप्राळा एकेकाळी स्वतंत्र गाव होतं, आज जळगाव शहराचा भाग आहे. जळगावची नगरपालिका 21 मार्च 2003 रोजी महानगरपालिका झाली. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकात अडकून कॉलेजचा पहिला तास बुडवलेल्या कितीतरी पिढ्या इथे आहेत. पुढे उड्डाणपूल आला. आता पुलाची बाजू कुठे उतरावी, खालच्या दुकानदाराचं काय व्हावं, पायी जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने रूळ कुठून ओलांडावेत, हे प्रश्न काँक्रीट पडायला लागल्यावर विचारून उपयोग नसतो. त्यांची उत्तरं आराखड्याच्या कागदावर फार आधी लिहिली गेलेली असतात. तरुण मंडळी बहुधा काँक्रीटच्या वेळी पोचतात. आरडाओरडा होतो, फोटो निघतात, निवेदन दिलं जातं आणि साहेब म्हणतात, ‘भाऊ, आता तर वर्क ऑर्डर निघाली.’

उशिरा पोचण्याची किंमत जळगावला वेगळी सांगायला नको. इथली घरकुल योजना नव्वदच्या दशकाच्या अखेरची. तिच्यातल्या गैरव्यवहाराच्या खटल्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावल्या त्या 2019 साली. पुढे वरच्या न्यायालयात अपिलं गेली. निकालाच्या दिवशी वीस वर्षांचा असलेला मतदार योजना आखली जात होती तेव्हा पाळण्यात होता, किंवा जन्मलाही नव्हता. शहराच्या तिजोरीला पडलेली खोट मात्र त्याच्याही वाट्याला आली.

महाराष्ट्रात तरुणांनी राज्यकारभाराला कागद हातात घेऊन भिडण्याची परंपरा जुनी आहे. ती शाळेत आपण चरित्र म्हणून शिकतो, पद्धत म्हणून शिकत नाही. पुण्याची सार्वजनिक सभा 1870 ची. दुष्काळात तिने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. त्याच सभेच्या त्रैमासिकाचं काम गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे आलं तेव्हा ते विशीच्या आरंभी होते. आकड्यांची ती तालीम पुढे उपयोगी पडली. 1897 साली वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष द्यायला ते लंडनला गेले, तेव्हा त्यांना एकतिसावं वर्ष चालू होतं. 27 जानेवारी 1919 रोजी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली. वय सत्तावीस. अस्पृश्यांना मत आणि प्रतिनिधित्व कसं मिळावं याची सविस्तर मांडणी त्यांनी लेखी केली होती. दोघांच्याही हातात सत्ता नव्हती. समोरच्यापेक्षा विषय जास्त माहीत होता, आणि निर्णय व्हायच्या आधी ते तिथे होते. तरुणांनी धोरणापर्यंत पोचण्याची ही पहिली वाट, साक्षीची. मला ती सर्वांत कष्टाची वाटते आणि म्हणून सर्वांत ओस.

दुसरी वाट रस्त्यावरून जाते. खानदेशाला ती जास्त ओळखीची. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि शेतसारा, कर्ज, खंड यांबद्दलचा शेतकरी कार्यक्रम तिथे मंजूर झाला. त्यासाठी राबलेल्या कार्यकर्त्यांत साने गुरुजी होते. त्याआधी अमळनेरच्या छात्रालयात ते मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढत. जगात काय चाललंय ते पोरांना कळावं म्हणून रोज पहाटे उठून लिहिणारा गृहपती आज कुठल्या वसतिगृहात सापडेल, असा विचार सहज मनात येतो. पुढे 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे सवंगडी तिरंगा घेऊन निघाले आणि गोळीबारात गेले. शिरीषकुमारला सोळावंही पुरं झालं नव्हतं. दरवर्षी त्या दिवशी आपण हार घालतो. त्याच वयाच्या मुलाने ग्रामसभेत काही विचारलं तर ‘तू लहान आहेस’ म्हणून खाली बसवतो, हेही आपणच.

सत्तरच्या दशकात ही वाट पुन्हा गजबजली. युवक क्रांती दल, दलित पँथर, जयप्रकाशांच्या हाकेने उभी राहिलेली छात्र युवा संघर्ष वाहिनी, सगळी विशी-तिशीतली माणसं. पण धोरणाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते शहादं, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातलं. अंबरसिंग सुरतवंती हा तरुण भिल्ल कार्यकर्ता, त्याच्याबरोबर गावोगावचे आदिवासी, आणि पुण्या-मुंबईहून शिक्षण संपवून आलेले कुमार शिराळकरांसारखे तरुण यांच्यातून 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. सावकार आणि मोठ्या जमीनदारांकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी हा मूळ प्रश्न. कुठला तुकडा कोणाचा होता, कधी आणि कशापोटी गेला, याची गावनिहाय जंत्री करणं हे घोषणेइतकंच मोठं काम होतं. राज्याने 1974-75 च्या सुमारास आदिवासींच्या जमिनी परत करण्याचे कायदे केले, त्यामागे या रेट्याचा वाटा आहे. दुष्काळातल्या कामांच्या मागणीचंही तसंच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी 1977 च्या कायद्याने हक्क झाली आणि 2005 साली देशाने तोच धागा उचलला. कायदा मुंबईत लिहिला गेला खरा, पण मजुरी वेळेवर मिळत नाही, मोजमाप चुकीचं होतं, हे तो अमलात आणणाऱ्यांना शिकवलं ते खडी फोडणाऱ्यांनी.

शहाद्याच्याच मातीतले भिल्ल कवी आणि कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता तरुणांच्या सहभागावर बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. ज्यांच्या नावाने सभा भरते त्यांना मंचावर जागा असते का, हा तिचा सवाल चळवळीलाही सोडत नाही.

तिसरी वाट सरकारची वाट न पाहता गावातच नियम करणाऱ्यांची. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवार एम.कॉम. झाले आणि नोकरीमागे न जाता नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गावातच राहिले. उजाड झालेलं जंगल राखायचं ठरलं. ठरवलं म्हणजे नियम केले: कुऱ्हाड कोणी लावायची नाही, लावली तर दंड, राखण पाळीपाळीने. आज तिथे चारशे हेक्टरांहून जास्त जंगल उभं आहे, विहिरींना पाणी आहे, आणि चैत्रामभाऊंना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात 1989 साली गावातल्या पोरांनी आग्रह धरून पोपटराव पवारांना सरपंच केलं, तेव्हा तेही तिशीच्या आतले. पुढे तिथे शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असा नियम झाला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरू लागली. दोघेही पवार, दोघेही एम.कॉम.; योगायोग असेल, पण जमाखर्च कळणाऱ्या माणसाचा गावाला उपयोग होतो हे नक्की. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने याला अभ्यासगटाची जोड दिली. आधी विषय समजून घ्यायचा, मग सर्वसहमतीने ठरवायचं. 2009 साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अनेक वर्षांचा हा अभ्यास होता.

चौथी वाट सरकारने स्वतः आखलेली. तिच्याबद्दल थोडक्यात उरकतो. राष्ट्रीय सेवा योजना 1969 ची, नेहरू युवा केंद्रं 1972 ची, राष्ट्रीय युवा धोरणं 1988, 2003 आणि 2014 ची, महाराष्ट्राचं युवा धोरण 2012 चं, मुख्यमंत्री फेलोशिप 2015 पासूनची. फेलोशिपमधून गेलेल्या मुलांना फाईल कशी फिरते ते कळतं, हा मोठाच फायदा आहे. युवा संसदेबद्दल मात्र माझं मत फारसं बरं नाही. ती बहुतेक ठिकाणी वक्तृत्व स्पर्धा असते. कोणी मंत्री होतो, कोणी विरोधी पक्षनेता, खोटं विधेयक मंजूर होतं आणि ढाल घेऊन सगळे घरी जातात. त्याच संध्याकाळी शेजारच्या गावात खरा ठराव चार माणसांत संमत होत असतो.

रॉजर हार्ट या अभ्यासकाने 1992 साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलावणं यांना, त्याने सहभाग मानलंच नाही. आपल्याकडचे बहुतेक ‘युवा’ कार्यक्रम या कसोटीवर कुठे बसतात ते वाचकाने स्वतः पाहावं. वरच्या पायऱ्यांची उदाहरणंही जगात आहेत. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 पासून अंदाजपत्रकातला हिस्सा वस्त्यांच्या सभांतून ठरवायला सुरुवात केली. केरळाने 1996 साली लोकयोजनेत राज्याच्या योजना-रकमेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा स्थानिक संस्थांकडे दिला. पुणे महापालिका 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. यांतल्या प्रत्येक ठिकाणी पैसे टेबलावर होते, म्हणून लोक आले.

मग आपल्या भागात दारं कुठे आहेत? आहेत, आणि कायद्याने उघडी आहेत. मतदानाचं वय 1989 साली एकविसावरून अठरा झालं. 1993 साली 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. मतदारयादीत नाव आलं की माणूस ग्रामसभेचा सदस्य झाला, त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नाही. एकविसाव्या वर्षी तो पंचायतीला उभाही राहू शकतो. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांतली कमी असेल ती. आता यातली मेख पाहा. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेला माणसं न येणं काहींच्या सोयीचं असतं. सूचना फळ्यावर एका कोपऱ्यात लागते, दवंडी ऐकू येत नाही, पहिली सभा बारगळते आणि आठ-दहा दिवसांनी पारावर बसलेली मोजकी मंडळी वर्षभराचा आराखडा मंजूर करतात. पुस्तकातल्या एका मुलाने असाच प्रसंग लिहिला आहे. त्याने आणि त्याच्या मित्रांनी केलं काय, तर सभेच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून न थांबता घरोघर जाऊन माणसं गोळा केली. शंभरावी सही झाली तेव्हा ग्रामसेवकांनी डोळे वर करून पाहिलं, एवढंच वाक्य त्याने लिहिलंय. मला ते पान फार आवडलं.

शहरात दार जरा जड आहे. महापालिकांसाठी वॉर्डातल्या मतदारांची क्षेत्रसभा 2009 साली कायद्यात आली, पण बहुतेक शहरांत ती कायद्याच्या पुस्तकाबाहेर पडलेली नाही. माहितीचा अधिकार आहे: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवस. आणि अर्जाशिवायचाही एक मार्ग आहे जो फार कमी जणांना माहीत असतो. राज्य शासनाच्या 2018 च्या परिपत्रकानुसार स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. या पुस्तकातल्या एका गटाने सोमवारामागून सोमवार जाऊन एका गटारीच्या कामाची मोजमाप पुस्तिका उतरवून घेतली आणि मग टेप घेऊन गटार मोजली. सुरुवातीला बाबूंनी त्यांना ‘कुठल्या पेपरचे?’ असं विचारलं. ‘आम्ही इथलेच’ हे उत्तर त्यांना पुरेसं वाटेना. पुढे ओळख झाली आणि त्यांच्यातल्याच एकाने लेखाशीर्ष कसं वाचायचं ते शिकवलं. कार्यालयांत अशी माणसं असतात. तरुण कार्यकर्ते हे लवकर विसरतात आणि सगळ्यांना एकाच माळेत ओवतात.

हे सगळं आत्ताच का? जळगाव महापालिकेची निवडणूक 1 ऑगस्ट 2018 रोजी झाली. सप्टेंबर 2023 मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. नव्या सभागृहासाठी मतदानाची वेळ यायला सात वर्षांहून जास्त काळ गेला. 2018 च्या दिवाळीत जो अठरा वर्षांचा झाला, तो पंचविशीत पोचला तरी त्याने स्वतःच्या नगरसेवकाला मत दिलेलं नव्हतं. प्रशासकाच्या काळात अंदाजपत्रक आयुक्त म्हणून मांडायचं आणि प्रशासक म्हणून मंजूर करायचं, खुर्ची एकच. राज्यातल्या बऱ्याच शहरांची हीच कथा. कॉलेजांत थेट निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थांबल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्याने त्या कागदावर परत आणल्या, आवारात नाही. म्हणजे एका आख्ख्या पिढीला सभा कशी चालवतात, हरकतीचा मुद्दा कसा मांडतात, हरल्यावर पुढच्या सभेला पुन्हा कसं यायचं, याचा सराव मिळालेला नाही. राग आहे, मोबाईल आहे, भाषाही आहे. सराव नाही.

शिवाय पोरं गावात आहेत कुठे? खानदेशची तरुण माणसं सुरतेला, नाशकात, पुण्याच्या चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत आहेत. ग्रामसभा बहुधा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला. त्या दिवशी सुटी असते हे खरं, पण एका दिवसासाठी सुरतेहून कोण येणार? मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. महिला ग्रामसभा आधी घ्यायची असा नियम आहे. तिथे बोलायला शिकलेली, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते, मतदारयादीतलं नाव बदलतं आणि नव्या गावात ती ‘अमक्याची सून’ होऊन पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते. गावाने तिच्यावर केलेली गुंतवणूक आणि तिने गावाबद्दल मिळवलेली माहिती, दोन्ही वाहून जातात. युवा धोरणांच्या कागदांत मला याचा विचार कुठे दिसला नाही. या पुस्तकात दोन मुलींनी तो केला आहे, आणि माझ्या मते पुस्तकातला सर्वांत नवा विचार तोच.

पुस्तक काय करतं आणि काय करत नाही, तेही सांगून टाकतो. हे अर्ज कसा लिहावा याचं गाईड नाही, जरी काही अर्ज जसेच्या तसे छापले आहेत. यशोगाथाही नाहीत. उत्तर न आलेले अर्ज त्यांच्या तारखांसकट दिले आहेत. ते गाळा, वाचक हिरमुसतील, असं मी संपादकांना सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. जातीबद्दल पुस्तक मला अपुरं वाटतं. ग्रामसभेत कोण खुर्चीवर बसतं, कोण सतरंजीवर आणि कोण दाराबाहेर उभं राहतं, हे वयावरून कमी आणि आडनावावरून जास्त ठरतं; तरुण म्हटलं की सगळे एकसारखे होत नाहीत. एक-दोन लेखांत याची जाणीव आहे, बाकीच्यांत नाही.

एका मुद्द्यावर आमचा वादच झाला आणि तो मिटलेला नाही. शेवटच्या भागात या मुलांनी मागणी केली आहे की वॉर्ड आणि गावपातळीवर सोळाव्या वर्षी मत मिळावं. ऑस्ट्रियाने 2007 साली मतदानाचं वय सोळा केलं, ब्राझीलमध्ये सोळाव्या वर्षी मत ऐच्छिक आहे, ही उदाहरणं ते देतात. मी म्हटलं, आपल्याकडे सोळाव्या वर्षीचं मत बापाच्या खिशात जाईल. त्यांनी विचारलं, ‘काका, अठराव्या वर्षी कोणाच्या खिशात जातं?’ मी अजून माझ्या जागी ठाम आहे. त्यांनी त्यांचं प्रकरण बदललेलं नाही, आणि ही प्रस्तावना मात्र त्याच्या आधी छापली जाते आहे, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच राहणार.

पिंप्राळा, जळगाव